कोर्लईचें भूशिर आणि तेथें उरलेली बोली

कोंकणच्या किनाऱ्यावर एका दिवसांत पाहून परत येण्याजोगीं जीं स्थळें आहेत, त्यांत चौलच्या खाडीच्या मुखाइतकें इतिहासानें गजबजलेलें स्थळ क्वचितच सांपडेल. अलिबागेहून दक्षिणेस सुमारें १७ किलोमीटर गेलें कीं रेवदंड्याचे जुने तट लागतात. तेथून कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडून थोडें पुढें गेलें कीं कोर्लईचा डोंगर समुद्रांत लांबवर शिरलेला दिसतो. सकाळीं रेवदंडा पाहावा, उन्हें उतरल्यावर कोर्लईचा डोंगर चढावा आणि दिवेलागणीच्या सुमारास परत फिरावें, असा हा साधा बेत आहे. पावसाळा नुकताच संपलेला असावा व गवत अजून हिरवें असावें, म्हणजे त्याची गोडी अधिक वाटते.

किल्ले पाहण्याची आपल्यांत एक रीत पडून गेली आहे. बुरूज मोजावयाचे, तोफ दिसली कीं मुलांना तिच्यावर बसवावयाचें, किल्ला कोणीं बांधला व कोणीं घेतला एवढें विचारून घ्यावयाचें, आणि ‘केवढें हें वैभव, आणि आज काय ही दशा!’ असा उसासा टाकून फराळाचे डबे उघडावयाचे. त्या रीतीस आम्ही दोष देत नाहीं. निदान तिच्या निमित्तानें तरी माणसें किल्ल्यांवर चढतात. मात्र या खाडीपुरतें बोलावयाचें तर तो उसासा भलत्याच जागीं खर्च होतो, असें आम्हांस वाटतें. पोर्तुगीजांनीं येथें सुमारें सव्वादोनशें वर्षें जे दगड रचले, ते बहुतेक ढासळले आहेत. परंतु त्यांच्या अमलांतली एक वस्तु अद्याप जिवंत आहे, आणि ती कोणाही कप्तानानें हुकूम देऊन बांधविलेली नाहीं. ती पाहावयाची असेल तर किल्ला उतरून खालच्या गांवांत शिरावें लागतें. हें म्हणणें नीट ध्यानांत येण्यासाठीं या खाडीचा मागील इतिहास थोडक्यांत पाहणें अवश्य आहे.

प्रथम स्थळाची ठेवण पाहूं. रोह्याकडून येणारी कुंडलिका जेथें समुद्रास मिळते, तेथें तिच्या उत्तरेस चौल व रेवदंडा यांची सखल, नारळी-पोफळींच्या वाड्यांनीं भरलेली भूमि आहे. दक्षिणेस कोर्लईचा डोंगर. हा डोंगर उंचीनें मोठा नाहीं, शंभर मीटरांच्या आंतच आहे. परंतु तो लांब, अरुंद व उत्तर-दक्षिण पसरलेला असून त्याच्या पश्चिमेस मोकळा समुद्र आणि पूर्वेस खाडी आहे. म्हणजे खाडीच्या तोंडाशीं निसर्गानेंच एक आडवा हात धरला आहे. दूरच्या दर्यावरून येणाऱ्या तांडेलास तो ओळखीची खूण होतो, आंत आलेल्या गलबतांस नैर्ऋत्येच्या वाऱ्यापासून आडोसा देतो, आणि त्याच्यावर तोफा चढविल्या तर खाडींत कोणी शिरावें व कोणीं बाहेरच थांबावें, हें तो ठरवूं शकतो. पोर्तुगीज यास ‘मोर्रो द चौल’, म्हणजे चौलची टेकडी, असें म्हणत. ज्यास चौलचा व्यापार हवा त्यास ही टेकडी हवी, हें या खाडीच्या राजकारणाचें सूत्र होय.

आणि चौलचा व्यापार कोणास नको होता? हें बंदर फार प्राचीन. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत ‘चेमुल’ येथील दात्यांचा उल्लेख आहे. ग्रीक भाषेंत लिहिलेल्या पहिल्या शतकांतील समुद्रप्रवासाच्या वृत्तांतांत आणि दुसऱ्या शतकांतील टॉलेमीच्या भूगोलांत ‘सेमुल्ला’ किंवा ‘सिमुल्ला’ या रूपानें जें नांव येतें, तें याच बंदराचें असें विद्वान मानतात. अरबी लेखक यास ‘सैमूर’ म्हणत. प्रसिद्ध प्रवासी अल्-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभीं येथें आला, तेव्हां शिलाहार घराण्यांतील झंझ हा येथें राज्य करीत होता व त्याच्यावर राष्ट्रकूटांची सत्ता होती. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इत्यादि ठिकाणांहून आलेले व येथेंच जन्मलेले मिळून सुमारें दहा हजार मुसलमान या गांवीं राहतात, त्यांचे तंटे तोडण्यासाठीं त्यांच्यांतलाच एक प्रमुख राजानें नेमलेला आहे, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. पुढें इ. स. १४७० च्या सुमारास अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी याच बंदरीं उतरून जुन्नरकडे गेला. वास्को द गामा कालिकतास पोंचण्यापूर्वीं दोन तपांहून अधिक काळ ही गोष्ट घडली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या सर्वांहून निराळ्या वृत्तीचा पाहुणा सोळाव्या शतकाच्या आरंभीं आला. पोर्तुगीज हे नुसते व्यापारी नव्हते. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक गलबतानें आपला परवाना घेतला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तो मोडून काढण्यासाठीं इजिप्तच्या मामलूक सुलतानाचें आरमार अमीर हुसेनच्या हाताखालीं आलें, गुजराथच्या सुलतानाचा दीवचा अधिकारी मलिक अयाझ त्यास मिळाला, आणि मार्च १५०८ मध्यें याच खाडीच्या तोंडीं मोठी लढाई झाली. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिश्कु द आल्मेइदा याचा मुलगा लोरेंसु हा पोर्तुगीज आरमाराचा मुख्य होता. माघार घेत असतां, मासे धरण्यासाठीं कोळ्यांनीं खाडींत रोंवलेल्या खुंटांत त्याचें जहाज अडकलें, असें पोर्तुगीज इतिहासकार सांगतात; तेथेंच तो जखमी होऊन मरण पावला. पूर्वसमुद्रावर पोर्तुगीजांचा हा पहिला मोठा पराभव. पुढच्याच वर्षीं, फेब्रुवारी १५०९ मध्यें, बापानें दीवपाशीं त्याचा सूड घेतला व तेथपासून पोर्तुगीजांचें समुद्रावरील वर्चस्व पक्कें झालें. मात्र व्हाइसरॉयच्या मुलाची वाट कोणा अनाम कोळ्याच्या खुंटांनीं अडविली, ही गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी. इतिहासांत अनाम माणसें अशींच मध्येंच डोकावतात.

अहमदनगरच्या निजामशहास पोर्तुगीजांशीं सख्य राखण्यांत प्रथम लाभ दिसला, कारण युद्धास लागणारे अरबी घोडे समुद्रमार्गें येत व तो मार्ग पोर्तुगीजांच्या हातीं होता. इ. स. १५१६ मध्यें येथें त्यांची वखार झाली. १५२१ मध्यें किल्ल्यास परवानगी मिळाली आणि १५२४ पर्यंत किल्ला उभा राहिला. हा किल्ला म्हणजेच रेवदंडा. तेव्हांपासून येथें दोन चौलें झालीं : आंत, थोड्या अंतरावर, निजामशाही अमलांतलें जुनें चौल, आणि खाडीच्या तोंडावर फिरंग्यांचें चौल. इ. स. १५८३ मध्यें येथून गेलेला इंग्रज प्रवासी राल्फ फिच यानेंही हीं दोन गांवें निरनिराळीं नोंदविलीं आहेत. एका गांवांत रेशीम विणलें जाई, दुसऱ्यांतून तें जहाजांवर चढे.

सख्य मात्र टिकलें नाहीं. इ. स. १५७० मध्यें पोर्तुगीजांस किनाऱ्यावरून उखडून काढण्याचा एक मोठा मनसुबा झाला. अली आदिलशहानें गोव्यावर जावें, मुर्तजा निजामशहानें चौलावर यावें आणि कालिकतच्या सामुरीनें मलबारांतील चालियमचा किल्ला घ्यावा, अशी ती योजना होती. तालिकोटच्या लढाईनंतर पांचच वर्षांनीं हा विचार झाला. तेथील यशानें दक्षिणेतील सुलतानांची उमेद वाढली होती, हें उघड आहे. तिघांपैकीं एकट्या सामुरीस यश आलें. चौलाचा वेढा महिनोन्महिने चालला. घरोघर, भिंतीभिंतीआड झुंजी झाल्या. परंतु समुद्राची वाट पोर्तुगीजांस मोकळी असल्यामुळें गोव्याकडून व वसईकडून कुमक येत राहिली आणि १५७१ च्या पावसाळ्यांत निजामशहास वेढा उठवावा लागला. निजामशाही सरदार लांचास, त्यांतही मद्याच्या नजराण्यांस, वश झाले असा ठपका फरिश्ता ठेवतो. लांचाचें कारण कितीही खरें असो. ज्याच्याजवळ आरमार नाहीं, त्यास बंदराचा किल्ला नुसत्या फौजेनें घेतां येत नाहीं, हा या वेढ्याचा खरा धडा आहे. तो कान्होजी आंग्र्यांच्या काळापर्यंत आपल्याकडे पुन्हां पुन्हां गिरवावा लागला.

आज रेवदंड्यास जो तट दिसतो, त्याचा बराच भाग या वेढ्यानंतरच्या सावधगिरीचा आहे. मोटारींचा रस्ता तटांतूनच गांवांत शिरतो, आणि आंत पाहावें तर किल्ला नाहींच. आहेत त्या वाड्या. नारळीच्या आळ्यांना पाणी देणारे पाट, पोफळींचे सरळ खांब, मध्येंच एखादी उंच कमान, तिच्या खांद्यावर उगवलेला पिंपळ. एका भिंतीस चर्चचा गाभारा असल्याची खूण आहे, पण छप्पर म्हणून आभाळ. समुद्राच्या बाजूस गेलें कीं तट बराच शाबूत आढळतो व भरतीचें पाणी त्याच्या पायथ्याशीं येऊन आपटतें. सर्वांत लक्ष वेधतो तो फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा मनोरा. लोक यास ‘सातखणी’ म्हणतात. आज त्याचे सातही मजले उभे नाहींत. जिने केव्हांच गेले. तरी नारळींच्या शेंड्यांवर डोकें काढून तो उभा आहे. ज्या नगरांत एके काळीं इतक्या पंथांचे मठ व मंदिरें होतीं, तेथें आज गुरें चरतात हें पाहून मन थोडें थबकतें खरें. तरी वाडीच्या मालकास विचाराल तर तो सांगेल कीं, जमीन पडीक राहण्यापेक्षां तिच्यांत नारळ लागले हें काय वाईट?

रेवदंड्याच्या समोर, खाडीपलीकडे, कोर्लईची टेकडी सदैव डोळ्यांपुढें असते. ती आपल्या हातीं नाहीं, ही गोष्ट पोर्तुगीजांस टोंचत होती. आणि ती त्यांच्या हातीं जाईल, ही भीति अहमदनगरास. शेवटीं इ. स. १५९४ मध्यें दुसरा बुऱ्हाण निजामशहा यानें टेकडीवर बळकट किल्ला बांधून तेथून फिरंगी चौलावर तोफांचा मारा सुरू केला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पोर्तुगीजांनीं वसई वगैरे ठिकाणांहून माणसें जमवून, पाणी ओलांडून टेकडीवर हल्ला चढविला व घनघोर लढाईनंतर किल्ला घेतला. निजामशहाच्या फौजेचा मोठा संहार झाला. ज्या तोफा चौलावर रोंखल्या होत्या, त्या चौलच्या रक्षणास लागल्या. पुढें सतराव्या शतकांत पोर्तुगीजांनीं हा किल्ला आपल्या पद्धतीनें नव्यानें बांधून काढला.

किल्ल्यावर चढण्यास दोन वाटा आहेत; एक गांवाकडून आणि दुसरी पश्चिमेच्या दीपगृहाकडून. दुसरी वाट मुलांबाळांसह जाणाऱ्यांस सोईची. चढून आंत गेलें म्हणजे प्रथम जाणवतो तो किल्ल्याचा अरुंदपणा. डोंगराची धार जितकी रुंद, तितकाच किल्ला रुंद. कांहीं ठिकाणीं तर एका तटावरून दुसऱ्या तटावरच्या माणसाशीं सहज बोलतां यावें. आडव्या भिंती घालून या लांबट जागेचे भाग पाडले आहेत, म्हणजे शत्रु एका भागांत शिरला तरी पुढच्या भागाचा दरवाजा बंद करून लढतां यावें. दरवाज्यामागून दरवाजा लागत जातो. बुरुजांना ख्रिस्ती संतांचीं नांवें दिलेलीं होतीं. कोठें पोर्तुगीज भाषेंतील शिलालेख, कोठें राजचिन्ह कोरलेला दगड, कोठें गवतांत पडलेली तोफ आढळते. उत्तरेच्या टोंकाशीं, अगदीं पाण्यालगत, क्रुसाची बातेरी म्हणून तोफखान्याची जागा आहे. खाडींत शिरणाऱ्या प्रत्येक जहाजास तिच्या माऱ्यांतूनच जावें लागे. वर एक पाण्याचें टांकें आहे, छप्पर नसलेलें चर्च आहे, आणि त्याच किल्ल्यांत एक लहानसें शिवालय व तुळशीवृंदावनही आहे. सत्ता बदलली म्हणजे देव बदलतात, हें आपण पुस्तकांत वाचतों. येथें तें कांहीं पावलांच्या अंतरांत दिसतें.

धारेवर उभें राहून पाहिलें म्हणजे चौलचा सारा इतिहास नकाशासारखा खालीं पसरतो. पश्चिमेस अमर्याद समुद्र. उत्तरेस रेवदंड्याचा तट व हिरव्या वाड्या. पूर्वेस खाडीचें शांत पाणी व त्यापलीकडे डोंगरांच्या ओळी. आणि पायथ्याशीं, होड्या ओढून ठेवलेल्या किनाऱ्यालगत, कोर्लई गांव. बहुतेक सहली येथें छायाचित्रें घेऊन संपतात. आमचा विषय मात्र येथूनच सुरू होतो.

पोर्तुगीजांच्या चौलास उतरती कळा लागली ती लढाईंत हरल्यामुळें नव्हे. सुरतेचें बंदर वाढलें. इ. स. १६६१ च्या करारानें मुंबई बेट इंग्लंडच्या राजास आंदण गेलें, आणि तेथें जी नवी पेठ उभी राहूं लागली तिनें शेजारच्या जुन्या पेठांचा व्यापार ओढून घेतला. इ. स. १६८३ मध्यें छत्रपति संभाजी महाराजांच्या फौजांनीं चौलास वेढा घातला. किल्ला पडला नाहीं, पण भोंवतालचा मुलूख सुरक्षित राहिला नाहीं हें दिसून आलें. इ. स. १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज यांनीं एकत्र येऊन कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यावर चाल केली. बाजीराव पेशव्यांची कुमक आंग्र्यांस मिळाल्यामुळें ती मोहीम फसली. अखेर मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, आणि उत्तरेकडील पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला. वसई गेल्यावर चौल एकटें तगणें शक्य नव्हतें. इ. स. १७४० च्या तहानें पोर्तुगीजांनीं चौल व कोर्लई हीं दोन्ही मराठ्यांच्या स्वाधीन केलीं. दोन शतकें ज्या तटांनीं वेढे सोसले, ते तहाच्या कागदावर गेले.

आतां वाचकांनीं क्षणभर त्या दिवसांचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. किल्ला खालीं करावयाचा आहे. गोव्याकडे जाणारीं जहाजें लागलीं आहेत. कोण निघालें? ज्यांच्यापाशीं हुद्दा होता, द्रव्य होतें, गोव्यास नातेवाईक होते, ते निघाले : अधिकारी, शिपाई, धर्मगुरु, मोठीं घराणीं. आणि मागें कोण राहिलें? ज्यांना जहाजावर जागा मागण्याचा अधिकार नव्हता, किंवा जाऊन तरी करावयाचें काय असा ज्यांच्यापुढें प्रश्न होता, ते. किल्ल्यांत व मोठ्या घरांत राबणारे, शेतांत खपणारे, बहुतेक खालच्या मानलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेले गरीब लोक. त्यांतून कोर्लई गांवची ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. डोंगराच्या पायथ्याशीं त्यांचें माउंट कार्मेल मातेचें चर्च आहे. नव्या सत्तेनें त्यांच्या उपासनेस हरकत घेतली नाहीं, ही आपल्या इतिहासांतील एक समाधानाची गोष्ट म्हणून नमूद केली पाहिजे.

या लोकांपाशीं तट नव्हता, तोफ नव्हती, शिलालेख कोरण्याची ऐपत नव्हती. त्यांच्यापाशीं होती ती एक बोली. पोर्तुगीज मालक व त्यांचे चाकर, पोर्तुगीज शिपाई व त्यांच्या येथल्या बायका, यांच्या रोजच्या व्यवहारांतून ती घडली होती. शब्द बहुतांशीं पोर्तुगीज. परंतु व्याकरण सोपें केलेलें, रूपें झिजलेलीं. अशा बोली वसई, साष्टी, मुंबई, दमण, दीव या साऱ्या पट्ट्यांत होत्या. गोमंतकांतील थोर भाषापंडित मोन्सेन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गादो यांनीं १९०६ मध्यें या उत्तरेकडील बोलीचें वर्णन प्रसिद्ध केलें. मुंबई-वसईकडील ती पुढें नाहींशी झाली. कोर्लईची मात्र राहिली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भाषाशास्त्रज्ञांच्या ती नजरेस आली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाचा तिच्यावरील ग्रंथ १९९६ मध्यें प्रसिद्ध झाला. गांवचे लोक तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असें म्हणतात. हजाराच्या आंतबाहेर माणसांची ही मायबोली. पोर्तुगीज राज्य गेल्यास पावणेतीनशें वर्षें होऊन गेलीं, तरी या गांवच्या घरांत ती बोलली जात आली आहे.

ती जशीच्या तशी राहिली असें मात्र नव्हे, आणि यांतच तिची खरी मौज आहे. चारी बाजूंनीं मराठीचा वेढा पडलेला. बाजार मराठींत, शेजार मराठींत, शाळा मराठींत. पोर्तुगीज भाषेंत क्रियापद आधीं येतें व कर्म मागाहून. आपण ‘मी भात खातों’ म्हणतों; तेथें ‘मी खातों भात’ असा क्रम. कोर्लईच्या बोलीनें हा क्रम सोडून मराठीचा उचलला. तिचें क्रियापद आपल्यासारखें वाक्याच्या अखेरीस जाऊन बसतें. म्हणजे शब्द लिस्बनचे आणि वाक्याची चाल अष्टागराची! निजामशहाच्या तोफांनीं जो तट पडला नाहीं, त्याच्या आंतली भाषा शेजारणींच्या बोलण्यानें अशी हळूहळू वळली. व्यवहार उलट दिशेनेंही झालाच आहे. चावी, पगार, बटाटा, पाव, तुरुंग, लिलाव, घमेलें, काडतूस हे शब्द वापरतांना आपण पोर्तुगीजांचें देणें वापरीत आहों, हें आपल्या मनांतही येत नाहीं.

येथें एक आक्षेप कोणी घेईल, आणि तो वाजवी आहे. ज्यांच्या अमलांत देवळें पाडलीं गेलीं, ज्यांच्या धर्मन्यायालयानें गोव्यांत १५६० पासून अडीचशें वर्षें माणसांस धाकांत ठेविलें, त्यांच्या भाषेच्या अवशेषाविषयीं आम्हीं कळवळा कां दाखवावा? आमचें उत्तर असें कीं, ही त्यांची भाषा नव्हे. सत्ताधाऱ्यांची भाषा सत्ताधाऱ्यांबरोबर जहाजांत बसून गेली. मागें राहिली ती चाकरांची भाषा. तिच्यावर मालकाचा शिक्का आहे, पण ती घडविली ती राबणाऱ्यांनीं. मालकाचा हुकूम कळावा म्हणून जे शब्द त्यांना शिकावे लागले, त्यांतच पुढें त्यांनीं आपलीं लेंकरें निजविलीं, लग्नें लाविलीं, भांडणें केलीं व मृतांसाठीं रडले. राज्य करणाऱ्याचें पाप बोलणाऱ्याच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं.

शिवाय, आपणां मराठी लोकांस हें समजणें कठीण पडूं नये. सतराव्या शतकांत व्यंकोजी राजांबरोबर आपली भाषा तंजावरास गेली. तेथील भोसल्यांचें राज्य १८५५ मध्यें खालसा झालें. तरी तामीळ मुलखांतील कितीएक घरांत तिकडची वळणें घेतलेली मराठी आजही बोलली जाते. तिच्यांत तामीळ शब्द शिरले, उच्चार पालटले. पण ती ऐकून आपलें अंतःकरण हलतें. कां? राज्य गेलें तरी माणसांनीं घरची बोली सोडली नाहीं म्हणून. मग तंजावरच्या घरास जो न्याय, तोच कोर्लईच्या घरास नको काय?

उलट उदाहरणही याच खाडीकांठीं आहे. बेने इस्राएल लोक, ज्यांना इकडे ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांचीं जुनीं गांवें याच अष्टागरांत. रेवदंड्यास त्यांचें सिनॅगॉगही आहे. त्यांनीं धर्म राखिला आणि घरची भाषा म्हणून मराठी स्वीकारली. इस्राएलांत स्थायिक झालेल्या त्यांच्यांपैकीं अनेकांनीं ती तेथेंही नेली. एकानें भाषा बदलली, दुसऱ्यानें राखिली. दोघांसही या मातीनें सामावून घेतलें. भाषा सोडणें हा अपराध नव्हे आणि राखणें हाही परकेपणा नव्हे, एवढें औदार्य या किनाऱ्यापाशीं पूर्वींपासून आहे.

आतां प्रश्न आहे तो पुढचा. कोर्लईचीं मुलें मराठी शाळेंत शिकतात; तरुण माणसें नोकरीसाठीं अलिबागेस व मुंबईस जातात; विसाव्या शतकाच्या सातव्या दशकानंतर चर्चमधील प्रार्थनाही मराठींत होऊं लागल्या. या प्रत्येक गोष्टीनें त्या लोकांचें हितच झालें आहे, आणि तें होऊं नये असें कोणी सुज्ञ म्हणणार नाहीं. परंतु प्रत्येकीनें त्या बोलीची एक एक जागा व्यापली आहे. आपण एरवीं इंग्रजीच्या आक्रमणाविषयीं सभा भरवितों, मराठीच्या भवितव्याविषयीं चिंता वाहतों. त्या चिंतेंत तथ्य आहे. मात्र एका गांवापुरती कां होईना, येथें मराठी ही मोठी भाषा आहे आणि दुसरी लहान. ज्या जागीं इतर ठिकाणीं आपण इंग्रजीस पाहतों, त्या जागीं येथें आपण उभे आहों. मोठ्या भाषेनें लहान भाषेशीं कसें वागावें, याविषयीं आपण इतरांस जें सांगतों, तें आपणांस पाळतां येतें कीं नाहीं, हें येथें दिसणार आहे.

पाळणें फार अवघड नाहीं. शाळेंतील गुरुजींनीं मुलाच्या घरच्या बोलीस हंसूं नये. ती येते म्हणून त्यास एक भाषा अधिक येते, असें मानावें. जिल्ह्यांतील महाविद्यालयांनीं गांवकऱ्यांच्या संमतीनें व सहकार्यानें म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी, म्हणी, गाणीं ध्वनिमुद्रित करून ठेवावींत. परदेशांतील पंडितांनीं येऊन तें काम करावें आणि शेजारच्या आपण तें नंतर वाचावें, हें शोभत नाहीं. आणि सहलीस जाणाऱ्यांनीं किल्ला उतरल्यावर तडक मोटारींत बसूं नये. गांवांत जावें, कोणास प्रदर्शनांतील वस्तूप्रमाणें बोलून दाखविण्याचा आग्रह करूं नये, दुकानावर चहा घ्यावा, मासळीचा भाव विचारावा, आणि बोलणें निघालेंच तर ‘तुमची घरची भाषा कोणती?’ एवढें आदरानें विचारावें. घरीं परतल्यावर मुलांना १५०८, १५९४ व १७४० हीं सालें पाठ झालीं नाहींत तरी चालेल. चौलचें बंदर बुजलें, तट पडले, तहाचे कागद दप्तरांत गेले, आणि ज्यांना कोणीं जहाजावर घेतलें नाहीं त्यांचें बोलणें अजून त्या डोंगराच्या पायथ्याशीं ऐकूं येतें, एवढें त्यांच्या ध्यानांत राहिलें तरी सहलीचा दिवस सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.